लोलाचा पंखा

बेलेनला बर्फ आणायला पिटाळलं होतं. घरात मयत ठेवलेलं असलं की बर्फ किती लागतो, ते ज्याच्या घरी ती वेळ आली असेल त्यालाच ठाऊक. येणारा प्रत्येक जण मनिलाच्या त्या रणरणत्या उन्हातून घाम पुसत आत शिरणार, शवपेटीपाशी क्रूसाची खूण करून मान खाली घालणार, आणि मान वर केली की हळूच विचारणार, "थंड काही आहे का हो?" मेलेल्यापेक्षा जिवंतांचीच उस्तवार जास्त, असं बेलेनची आई म्हणायची. त्या दिवसांत तर तिला बूड टेकायलाही फुरसत नव्हती.

मयत होतं लोला इस्यांगचं. लोला म्हणजे आजी, बेलेनच्या बाबांची आई. बैठकीच्या खोलीत खिडकीखाली, काचेचं झाकण असलेल्या पेटीत ती निजली होती. हातात जपमाळ होती, पण मधोमध तोडलेली, म्हणजे तिच्या मागोमाग घरातलं दुसरं कुणी जाऊ नये. आणि उशाशी तिचा ताडाच्या पानाचा पंखा. तो तिच्याबरोबर द्यायचा, असं बाबांनी ठरवलं होतं.

गल्लीच्या तोंडाशी चारिंगमावशीचं दुकान होतं. तिथे बर्फ, मीठ, रॉकेल, सुकी मासळी मिळायची आणि गल्लीतल्या सगळ्या भानगडी फुकटात. मावशीने भुशातून बर्फाची लादी ओढली आणि फोडायला घेतली. तिचा हात चालू होता आणि तोंडही.

"केर नाही ना काढला कुणी घरात?"

"नाही, मावशी."

"पेटी बाहेर पडेपर्यंत झाडूला हात लावायचा नाही. आणि निघालेल्या माणसाला दारापर्यंत सोडायला जायचं नाही. तुझ्या बाबाला सांग, तो उगाच शिष्टाचार करत जातो मागे मागे."

"सांगते."

"आणि उद्या पोरांना वरून घ्यायचं विसरू नका." मावशीने हातोडी थांबवली. "पेटीच्या अलीकडे एक जण, पलीकडे एक जण. या हातातून त्या हातात, पेटीवरून. तेवढ्याने म्हातारीची माया तुटते. नाही तोडली तर ती माया परत येते, न्यायला."

"हे सगळ्यांना ठाऊक आहे, मावशी."

"ठाऊक सगळ्यांनाच असतं गं. घोळ होतो तो ऐनवेळी. त्यातून तुझ्या लोलाचा जीव सगळा पिलिंगमध्ये. तिच्याकडे लक्ष ठेव हो. तू मोठी आहेस."

बेलेन दहा वर्षांची होती. दहा वर्षांची पोर मोठी कधी होते? तिच्या पाठीवर दुसरं आलं की. पिलिंग पाच वर्षांची, गोल चेहऱ्याची, हट्टी आणि सगळ्यांची लाडकी. ती जन्मली त्या दिवसापासून बेलेन मोठी होती. पाणी भरायला, बर्फ आणायला, आईने इस्त्री केलेले कपडे कॉलेजच्या मुलांच्या खोल्यांवर पोचवायला मोठीच. बर्फाचं फडकं डोक्यावर घेऊन ती घराकडे निघाली, तेव्हा गार पाणी मानेवरून पाठीत उतरत होतं आणि तिला ते फार बरं वाटत होतं.

*

गल्लीतली दुपार म्हणजे एक वेगळंच प्रकरण होतं. जेवणं झाली, ताटं विसळली की सगळी गल्ली आडवी व्हायची. कुत्री भिंतीच्या सावलीत पाय ताणून पडायची, मावशीचा रेडिओ बंद व्हायचा, पलीकडच्या ओढ्याचा कुबट वास घराघरांत येऊन बसायचा. उन्हाने तापलेले पत्रे तेवढे मधूनच तडतडायचे. एखादं पोर बाहेर दिसलं तर कुणीही मोठं माणूस खिडकीतून खेकसायचं, आणि ते पोर मुकाट्याने घरात पळायचं.

लोलाची चटई मागच्या खोलीत, बांबूच्या पट्ट्यांच्या जमिनीवर पसरलेली असायची. मध्ये ती, तिच्या पोटाशी पिलिंग आणि पाठीशी बेलेन. पान खाऊन लाल झालेलं लोलाचं तोंड आणि गुडघ्यांना चोळलेलं कापराचं तेल, या दोन वासांचा मिळून तिचा एक वास झालेला होता. पंखा पिलिंगवर हलायचा. त्याची कड फाटलेली होती, म्हणून लोलाने आपल्या जुन्या झग्याची चिंधी तिला शिवली होती. तो फर्र… फर्र… असा वाजायचा. त्या वाऱ्यातला उरलासुरला थोडा लोलाच्या खांद्यावरून बेलेनपर्यंत पोचायचा. बेलेन मान वर करून त्याची वाट बघायची.

कुणी डोळे उघडले की लोला पंखा चटईवर दोनदा आपटायची. टप, टप. "डोळे मिट." गंमत अशी की बेलेनकडे तिची पाठ असायची, तरी बेलेनचे डोळे उघडले की तिला कळायचंच.

पिलिंगला झोपवताना ती आपल्या गावच्या गोष्टी सांगायची. तळ्याकाठचं गाव होतं ते. करडा मऊ चिखल, बदकांचे थवे, बदकांना घालायला चिखलातून वेचलेल्या बारीक गोगलगाई. "तुला नेईन हो तिकडे," ती पिलिंगला म्हणायची. "होडीत बसवून पलीकडे नेईन."

एकदा बेलेनने धीर करून विचारलं होतं, "लोला, आणि मला?"

पंखा हलत राहिला. म्हातारीला ऐकू गेलं नाही असंच बेलेनला वाटलं. मग बऱ्याच वेळाने, पाठमोरीच, लोला म्हणाली, "तुलापण."

लोला शब्दाची पक्की होती. अख्खी गल्ली तिला त्यासाठी ओळखत होती.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळी घाईच झाली. बँडवाले लवकर आले आणि आल्या आल्या वाजवायला लागले. शववाहिनी गल्लीत अडकली होती, तिच्या मागे सवाऱ्यांनी भरलेली एक जीपनी, तिच्या मागे भाजीवाला, आणि सगळेच भोंगे वाजवत होते. बाबा पेटीच्या अलीकडे उभे राहिले, त्यांचा भाऊ काद्योकाका पलीकडे. पोरांना सगळ्यांना लाल कपडे घातले होते, कारण लाल रंग मेलेल्यांना आवडत नाही. त्यांची रांग लावायचं काम अर्थातच बेलेनकडे होतं.

"एकही सुटता कामा नये," आई म्हणाली. तिचे डोळे सुजले होते. "आणि पिलिंगचा हात सोडू नकोस."

बेलेनने काकाची पोरं एकेक करून पुढे ढकलली. बाबा उचलायचे, काका झेलायचा, पोर पलीकडे उतरून खिदळत पळायचं. धाकट्या तान्ह्याला तर झोपेतच वरून घेतलं. मग पिलिंगची पाळी आली. तिने भोकाडच पसरलं. "नको! लोलावरून नको!" बाबांनी तिला उचललं तशी तिने लाथा झाडल्या आणि तिची टाच पेटीच्या काचेवर आपटली. खण्ण असा आवाज झाला. बायकांचे हात तोंडावर गेले.

"पाय लागला…" चारिंगमावशी पुटपुटली.

"काही होत नाही," बाबा म्हणाले, पण त्यांचा चेहरा उतरला होता. पिलिंग पलीकडे पोचली होती, काकाच्या गळ्याला मिठी मारून हुंदके देत होती. बाहेर भोंगे थांबेनात.

"झाली का सगळी?" काकाने विचारलं.

बेलेनने मागे बघितलं. रांगेत कुणी उरलं नव्हतं.

"झाली," ती म्हणाली.

*

पुढचे कित्येक दिवस घरातल्या सगळ्यांनी पिलिंगला डोळ्यांत तेल घालून जपलं. तिला एकटी सोडायचं नाही, संध्याकाळनंतर दाराबाहेर पाठवायचं नाही. मावशीने तिच्या मनगटाला लाल दोरा बांधला. शिंक आली तरी आई हातातली इस्त्री ठेवून धावायची. पिलिंगला काय, चंगळच होती. ती रोज नवीन काहीतरी मागायची आणि तिला ते मिळायचं.

दुपारी तिला झोपवायचं काम बेलेनकडे आलं. चटई तीच, खोली तीच. मधली जागा मात्र रिकामी. त्या जागेवर झोपायला दोघीही तयार नव्हत्या. पुढच्या खोलीत आई कोळशाची इस्त्री फिरवत असायची. कॉलेजच्या मुलांचे पांढरे सदरे संध्याकाळच्या आत पोचवायचे असत, आणि तिची दुपार म्हणजे तेवढंच काम.

नव्वी झाली, लोलाच्या नावाने नऊ दिवसांच्या प्रार्थना संपल्या, आणि त्याच दुपारी बेलेनने तो आवाज पहिल्यांदा ऐकला. पत्रे तडतडत होते. पिलिंग झोपली होती, तोंड उघडं टाकून. आणि कुठूनतरी, अगदी हळू, फर्र… फर्र…

चिंधी शिवलेली कड. तो आवाज बेलेनने झोपेतसुद्धा ओळखला असता. पण पंखा तर पेटीत गेला होता. पेटी दफनभूमीच्या भिंतीतल्या कोनाड्यात गेली होती, आणि कोनाडा विटांनी चिणून वर नाव लिहिलेलं तिने स्वतः बघितलं होतं. पिलिंगला न्यायला आली, हाच पहिला विचार तिच्या मनात आला.

ती भित्री होती, पण मोठी होती. तिने आपल्या केसांची रिबीन सोडली, एक टोक पिलिंगच्या मनगटाला बांधलं, दुसरं आपल्या. पिलिंगला भिंतीकडे सरकवलं आणि आपण मधल्या जागेवर, लोलाच्या जागेवर, आडवी झाली. आता यायचं तर माझ्यावरून यावं लागेल, असं तिने मनाशी म्हटलं. तिने डोळे सताड उघडे ठेवले.

टप, टप.

अगदी कानाजवळ. तिने घाबरून डोळे मिटले. आणि मग वारा आला. उरलासुरला नव्हे, खांद्यावरून आलेला नव्हे. कपाळावर, गळ्यावर, घामेजल्या केसांत, सगळा वारा तिच्या एकटीचा. पान आणि कापराचा वास आला. पिलिंगच्या बाजूचं तर पानसुद्धा हललं नसतं. ती तिकडे घामाघूम होऊन झोपली होती.

बेलेनला रडू आलं. भीतीने की कशाने, ते तिचं तिलाही कळलं नाही. आणि रडता रडताच तिला गाढ झोप लागली.

*

त्यानंतर ती दुपारची वाट बघायला लागली. कुणाला सांगितलं नाही. सांगणार तरी काय? घरातल्या सगळ्यांचं लक्ष पिलिंगवर होतं, आणि पिलिंग टुणटुणीत होती.

पहिल्या दुपारी नुसता वारा होता. मग झोपेत कुणीतरी तिचा हात धरायला लागलं. सुरकुतलेला, कोरडा, ओळखीचा हात. एका दुपारी त्या दोघी गल्लीच्या तोंडापर्यंत गेल्या. दुसऱ्या दुपारी नारळीच्या रस्त्याने. मग पायाखाली मऊ चिखल लागला, बदकांचा कलकलाट ऐकू आला आणि समोर तळं दिसलं, लोला सांगायची तसंच, करडं आणि पार क्षितिजापर्यंत. काठाला एक होडी बांधलेली होती.

"लोला, पलीकडे काय आहे?"

"बघशील की… घाई काय आहे…"

चार वाजता आई हाक मारायची. पूर्वी एका हाकेत उठणारी बेलेन आता गदागदा हलवल्याशिवाय उठेना. जेवण जाईना. फ्रॉक खांद्यावरून घसरायला लागला. "काय गं, सोंगं करतेस का कामं टाळायला?" आई म्हणायची, आणि लगेच, "पिलिंगने दूध प्यायलं का?"

बेलेन मान हलवायची. तिला खरं म्हणजे भीती वाटायला हवी होती. ती वाटत नव्हती, इतकं त्या वाऱ्याने तिला निववलं होतं.

एका संध्याकाळी आईने तिला व्हिनेगर आणायला मावशीकडे धाडलं. बेलेन दुकानाच्या फळीला टेकून उभी राहिली. उभं राहवत नव्हतं. मावशीने बाटली भरता भरता खाली बघितलं आणि तिचा हात थांबला.

"पाय कुठे भरवलेस गं एवढे?"

"कुठे नाही. मी तर आता झोपून उठले."

मावशी दुकानातून बाहेर आली. खाली बसून तिने बेलेनचं पाऊल हातात घेतलं. घोट्यापर्यंत करडा चिखल, अजून ओला. बोटांच्या बेचक्यात काहीतरी अडकलं होतं, ते तिने नखाने काढलं. तांदळाच्या दाण्याएवढा शंख.

"ही गोगलगाय आपल्या ओढ्यातली नाही," ती म्हणाली. तिचा आवाज एकदम खाली आला होता. "माझं माहेर तळ्याकाठचं आहे, पोरी. हे बदकांचं खाणं. तुला… कुणी नेलं होतं तिकडे?"

बेलेनने पाऊल मागे ओढून घेतलं.

"मला एक सांग. त्या दिवशी पोरांना वरून घेतलं. तुला कुणी घेतलं?"

बेलेनने तोंड उघडलं. तिला रांग आठवली. काकाची पोरं आठवली, झोपलेलं तान्हं आठवलं, पिलिंगची टाच आठवली. सगळ्यांना तिने पुढे ढकललं होतं. सगळ्यांच्या पाठीवर तिचा हात होता. तिच्या पाठीवर कुणाचाच नव्हता.

"झाली का सगळी, असं काकाने विचारलं," ती म्हणाली. "मी म्हटलं झाली."

"अगं माझ्या पोरी…" मावशीने तिला छातीशी धरलं. "दिव्याखाली अंधार. आम्ही सगळ्या तिथे उभ्या होतो, डोळे फुटले होते का आमचे! ती धाकटीसाठी येतच नाहीये. धाकटी सुटली. कुठपर्यंत नेलंय तिने तुला?"

"होडीपर्यंत. उद्या पलीकडे जायचंय."

*

मावशी तडक घरी आली. बेलेन दाराशी उभी राहिली. आत दोघी बायका कुजबुजत होत्या.

"आता परत घेता नाही का येणार वरून?" आईचा आवाज.

"कशावरून घेणार? भिंतीतला कोनाडा तो, खाली चार मयतं. वर आणखी कुणाकुणाची मयतं. ते काय कुंपण आहे पोर पलीकडे टाकायला?"

"मग?"

"मेलेल्या माणसाला तोंडावर सांगावं लागतं. गोडीत, पण स्पष्ट. आणि पोरीने नाही सांगायचं. पोरगी सांगणारच नाही, तिचा चेहरा बघितलास का? जो विसरला त्याने सांगायचं."

आई बाहेर आली तेव्हा तिने बेलेनला नुसतं बघितलं. फ्रॉकमधून वर आलेली हाडं बघितली, पायाचा चिखल बघितला. बादली आणून तिने बेलेनचे पाय धुतले. कधी धुतले होते याआधी, ते दोघींनाही आठवेना.

"मी तुला मोठी समजत गेले," आई म्हणाली. "मला एक हात हवा होता गं कामाला. तू तो हात झालीस, आणि हात म्हणजे पोर आहे हे कुणाच्या लक्षात राहतं? चुकलं माझं."

दुसऱ्या दिवशी जेवणं झाली, गल्ली आडवी झाली. आईने इस्त्री पेटवलीच नाही. सदऱ्यांचा ढीग तसाच राहिला. पिलिंगला मावशीकडे पाठवून ती मागच्या खोलीत आली, बाजारातून आणलेला नवा पंखा घेऊन, आणि चटईवर मधल्या जागेत आडवी झाली. बेलेनला तिने पोटाशी घेतलं. पाठीशी नव्हे. आईच्या अंगाला कोळशाचा आणि खळीचा वास होता.

"झोप," आई म्हणाली. "मी आहे जागी."

नवा पंखा हलायला लागला. त्याचा आवाजच नव्हता. पत्रे तडतडले, मग तेही थांबले. बेलेनच्या डोळ्यांवर झापड आली.

फर्र… फर्र…

आईचा हात थबकला. तिने ऐकलं होतं. तिच्या छातीचे ठोके बेलेनला पाठीवर लागत होते. आवाज दारातून आत आला, चटईच्या कडेशी आला, आणि तिथे थांबला. जागा भरलेली होती. पानाचा आणि कापराचा वास इतका दाटला की आईला खोकला आला.

टप, टप.

"लोला," आई म्हणाली. तिने पंखा हलवणं पुन्हा सुरू केलं. "लोला, ऐका माझं. तुमची सेवा करताना चुकलं असेल तर मला बोला. पण ही माझी पोर आहे. मी विसरले होते हिला. आता नाही विसरणार. मी आहे तोवर ही जागा माझी. तुम्ही… बाहेर व्हा."

कितीतरी वेळ काहीच झालं नाही. मग बांबूच्या पट्ट्या एकामागून एक करकरल्या, दाराच्या दिशेने. वास विरळ झाला. आई रडत होती, आणि पंखा मात्र थांबू देत नव्हती.

मावशीने संध्याकाळी सगळं खोदून खोदून विचारलं. आईने जे म्हटलं ते शब्दाला शब्द सांगितलं. मावशी ऐकत होती, आणि शेवटी तिने कपाळाला हात लावला.

"मी आहे तोवर, असं म्हणालीस?"

"हो. का?"

"काही नाही," मावशी म्हणाली. "काही नाही. झालं ते बरं झालं."

*

बेलेन महिन्याभरात अंगाने भरली. आईने मात्र दुपारची इस्त्री कायमची सोडली. ती पहाटे उठून कपड्यांना इस्त्री करायची आणि दुपारी चटईवर मधली जागा धरायची. पुढे बेलेन शाळेत शिकवायला लागली, पिलिंग लग्न करून परदेशी गेली, बाबा गेले, मावशी गेली, पत्र्यांच्या जागी स्लॅब आला. दुपारची चटई तेवढी राहिली. बेलेनने लग्न केलं नाही. सुट्टीच्या दुपारी त्या दोघी म्हाताऱ्या शेजारी शेजारी पडायच्या आणि गल्लीतली पोरं त्यांना हसायची. नव्वदीची आई साठीच्या लेकीला पंखा घालते, हे बघून कुणाला हसू येणार नाही?

आई झोपेतच गेली. पिलिंग नातवंडं घेऊन आली. पेटी उचलायच्या आधी लाल कपड्यांतली पोरं रांगेत उभी राहिली, आणि बेलेनने एकेकाच्या पाठीला हात लावून त्यांना पेटीवरून जाताना बघितलं. कुणाचाही पाय लागला नाही.

"झाली ना गं ताई सगळी?" पिलिंगने विचारलं.

बेलेनने पेटीकडे बघितलं. साठीच्या बाईला कोण उचलणार आणि कोण झेलणार? लोक काय म्हणतील?

"झाली," ती म्हणाली.

दफनभूमीतून आल्यावर सगळे जेवले आणि जिथे जागा मिळेल तिथे लवंडले. बेलेनला चैन पडेना. आता झाडू हातात घ्यायला हरकत नव्हती, म्हणून तिने दारापासून केर काढायला घेतला. दाराबाहेर भिंतीला लागून एक सिमेंटचं बाकडं होतं, बाबांनी बांधलेलं. त्याच्या मागच्या फटीत झाडू घातला तर काहीतरी खळखळलं.

तिने वाकून हात घातला. मूठभर बारीक शंख निघाले. पुन्हा हात घातला, पुन्हा तेवढेच. फट तळापासून काठोकाठ भरलेली होती, वर्षानुवर्षं कुणी चिखलाचे पाय घेऊन तिथे बसत आलं असावं तशी. तळाचे शंख जुने, पांढरे, बोटांत धरताच भुगा होणारे.

वरचे ओले होते.

बेलेन आत आली. पिलिंगला हाक मारावी असं तिच्या मनात आलं. पण पिलिंग नातवंडांच्या गराड्यात गाढ झोपली होती, पाच वर्षांची असताना झोपायची तशीच, तोंड उघडं टाकून. बेलेन मागच्या खोलीत गेली. दाराला कडी घातली. चटईवर भिंतीकडे तोंड करून आडवी झाली. तिच्या पाठीमागे आईची जागा रिकामी होती. बाहेर एक कुत्रंसुद्धा हललं नाही.

"आई," ती हळूच म्हणाली.

कडी तशीच होती. पण चटईची वेताची पाती मागे दबल्याचं तिला कळलं, कुणीतरी जपून, गुडघे धरत, आडवं होताना दबतात तशी. पान. कापूर. आणि मग मानेवर, पातळ झालेल्या पांढऱ्या केसांत, वारा.

फर्र… फर्र…

तिने डोळे सताड उघडे ठेवले.

टप, टप.